गोळ्या मोजणारा प्रेक्षक

१९८६ सालच्या गणेशोत्सवात आमच्या गावच्या मंडळाने बेळगावाहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीच्या भाड्याने आणला. खानापूर तालुक्यात भाद्रपदातही पावसाने पाठ सोडलेली नसते. देवळासमोरच्या पत्र्याच्या मांडवावर सरी कोसळत होत्या, खाली गोणपाट अंथरून सारे गाव बसले होते, आणि तीन कॅसेटींपैकी मधली लागली तेव्हा पोरांनी एकच गिल्ला केला, कारण रंगीत टीव्हीचे भाडे मोजूनही पडद्यावर चित्र काळेपांढरेच उमटत होते. तो चेतन आनंद यांचा 'हकीकत' होता : १९६२ च्या चीन युद्धावरचा, लडाखच्या डोंगरांत जाऊन चित्रित केलेला, १९६४ साली प्रदर्शित झालेला. मी तेव्हा सहावीत होतो. चित्रपटातले काय समजले आणि काय नाही हे आता सांगता येणार नाही, पण शेजारी बसलेल्या माणसाचे वागणे मात्र लख्ख आठवते.

ते माझे थोरले चुलते. आम्ही सारे त्यांना तात्या म्हणतो. १९६६ साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती होऊन, सतरा वर्षांची नोकरी करून, हवालदार म्हणून ते घरी आले त्याला तेव्हा तीन वर्षे झाली होती. पडद्यावर एखादा शिपाई खडकाआडून रायफल चालवू लागला की तात्यांचे ओठ हलत. मला आधी वाटले की ते काही तरी जप करीत आहेत. कान देऊन ऐकले तेव्हा समजले की ते मोजत होते. "सात, आठ, नऊ, दहा," असे म्हणून ते थांबले आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आता खाली बसून भरायला पाहिजे बघ ह्याने. नाही बसला तर ती गोळी डायरेक्टरची, ह्याची नव्हे."

तेव्हापासून आजपर्यंत तात्यांबरोबर जितके युद्धपट पाहिले, ते सगळे मी असेच, बोटांवर मोजत पाहिले. युद्धपटातली शस्त्रे खरी की खोटी, त्या काळातली की नंतरची, यावर पुष्कळ लिहिले जाते आणि मीही ते आवडीने वाचतो. पण माझ्या मते या साऱ्याहून आधी पाहायची गोष्ट ही की त्या चित्रपटातले शस्त्र कधी रिकामे होते का. ज्या चित्रपटात ते रिकामे होते, त्यात बाकीच्या चुका असल्या तरी दिग्दर्शकाने एखाद्या खऱ्या शिपायाशी बोलणे केलेले असते.

तात्यांची मोजण्याची सवय कुठून आली हे मला पुढे कळले. सैन्यात चांदमारीला नेताना प्रत्येकाला गोळ्या मोजून देतात आणि परतताना उडवलेल्या गोळ्यांची रिकामी पितळी नळकांडी मोजून परत घेतात. फौजी भाषेत त्यांना खोखे म्हणतात. दहा दिल्या तर दहा खोखे परत आले पाहिजेत. गवतात एखादा हरवला तर सारी तुकडी ओणवी होऊन तो शोधते, आणि मग 'जाँच शस्त्र'चा हुकूम होऊन प्रत्येक रायफलीची नळी रिकामी असल्याची खात्री केली जाते. ज्याने सतरा वर्षे हे केले, त्याला चित्रपटात पायांशी खोख्यांचा सडा पाडून पुढे धावणारा नायक पाहिला की गंमत वाटते. "वेचणार कोण रे हे?" हा तात्यांचा कायमचा प्रश्न.

'हकीकत'मध्ये आपल्या शिपायांच्या हातात दिसते ती थ्री नॉट थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड. पहिल्या महायुद्धात हिंदी पलटणी हीच घेऊन लढल्या, दुसऱ्यातही हीच, आणि बंगालमधल्या इच्छापूरच्या कारखान्यातून ती स्वातंत्र्यानंतरही निघत राहिली. वजन सुमारे ४ किलो, पोटात दहा गोळ्या. त्या दहा गोळ्या एकेक करून भरायच्या नसतात. पाच गोळ्या पत्र्याच्या एका छोट्या पट्टीत, म्हणजे चार्जर क्लिपमध्ये, ओळीने बसवलेल्या असतात. बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, मागे ओढायचा, क्लिप वरच्या खाचेत उभी करायची, अंगठ्याने पाचही गोळ्या एका दाबात खाली लोटायच्या, दुसरी क्लिप लावून पुन्हा तेच करायचे आणि बोल्ट पुढे ढकलायचा. हे सारे नीट जमायला एक अट आहे. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, आणि वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या पुढे असावी लागते. ती मागे राहिली तर वरची गोळी पुढे सरकताना खालचीला अडकते आणि रायफल ऐन वेळी गप्प बसते. तात्या भरती झाले तेव्हा पहिले काही महिने त्यांच्या हाती हीच रायफल होती, आणि क्लिप कशी भरायची हे ते अजूनही बोटांनी हवेत करून दाखवतात.

या रायफलीचा आणखी एक गुण, किंवा अवगुण, असा की ती आपण रिकामी झालो आहोत हे सांगत नाही. शेवटची गोळी गेल्यावरही बोल्ट पहिल्यासारखाच मागे येतो आणि पहिल्यासारखाच पुढे जातो. शिपायाला कळते ते घोडा दाबल्यावर नुसते 'टक्' झाले की, आणि तोवर समोरच्याला तेवढी सवड मिळालेली असते. म्हणून मोजायचे. जुन्या उस्तादांनी मोजण्याची जी शिस्त लावली होती, तिच्या मागे हे साधे कारण होते.

मी स्वतः ही रायफल हातात घेतली ती बेळगावच्या एका महाविद्यालयात एनसीसीत असताना, १९९२ मध्ये. कवायतीसाठी आम्हाला मिळत त्या निकामी केलेल्या, पांढरे पट्टे ओढलेल्या रायफली, आणि प्रत्यक्ष गोळी झाडायला मिळे ती पॉइंट टू टूची, जिच्या आवाजापेक्षा दिवाळीतला लवंगी फटाका बरा. पण त्या निकामी थ्री नॉट थ्रीने मला एक गोष्ट शिकवली. चार किलो हे वजन ऐकायला काहीच नाही. तांदळाची पिशवी याहून जड असते. तेच वजन तासभर खांद्यावर, मग छातीशी, मग एका हातात लांब धरून पाहा. तेव्हापासून चित्रपटात नट रायफल धावताना छत्रीसारखी हलकेच धरतो तेव्हा माझी खात्री पटते की ती रबराची आहे. 'हकीकत'मध्ये तसे वाटत नाही. धर्मेंद्र, बलराज साहनी, जयंत ही सारी मंडळी त्या उंचीवर, त्या विरळ हवेत प्रत्यक्ष वावरली आहेत, आणि चढणीवर रायफल सावरताना माणसाला जी धाप लागते ती अभिनयाने येत नाही.

त्याच चित्रपटाच्या काळातले दुसरे शस्त्र म्हणजे ब्रेन ही हलकी मशीनगन. चेकोस्लोव्हाकियातल्या बर्नो शहरातून आलेला मूळ आराखडा आणि इंग्लंडमधले एनफिल्ड, या दोन्ही नावांची सुरुवातीची अक्षरे जोडून 'ब्रेन' हे नाव झाले. तिचे मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, वरच्या बाजूला उभे असते, त्यामुळे नेम धरण्याची माशी मधोमध न ठेवता डावीकडे सरकवावी लागली. युद्धपट पाहणाऱ्यांसाठी एक सोपी खूण सांगतो. ते मॅगझिन केळीसारखे वाकडे असेल तर ती थ्री नॉट थ्रीची जुनी ब्रेन, आणि जवळजवळ सरळ असेल तर ती नंतर ७.६२ मिलिमीटरच्या गोळीसाठी बदललेली, जिला आपल्या सैन्यात नुसते एलएमजी म्हणतात. वाक येतो तो त्याच कडेमुळे. कडेच्या गोळ्या एकावर एक रचल्या की बुडाकडची बाजू जाड होते आणि रास आपोआप वळते, तशी मॅगझिनलाही वळावे लागते. ७.६२ च्या काडतुसाला बाहेर आलेली कड नाही, म्हणून त्या राशीला एवढे वळायचे कारण उरले नाही. एखाद्या चित्रपटात १९४४ सालच्या लढाईत सरळ मॅगझिनची ब्रेन दिसली तर ती कुठल्या तरी कोठारातून नंतर उसनी आणलेली आहे असे खुशाल समजावे.

ब्रेनच्या मॅगझिनमध्ये तीस गोळ्या मावतात, पण स्प्रिंगवर ताण नको म्हणून पुष्कळदा दोन-एक कमीच भरत. मिनिटाला पाचशेच्या वेगाने त्या संपायला चार सेकंदही पुरतात. म्हणून ही एकट्याने चालवायची गोष्ट नव्हे : एक नंबरचा शिपाई झाडतो, दोन नंबरचा शेजारी पडून मॅगझिन बदलतो, आणि नळी तापली की तीही बदलतो. दुसऱ्या महायुद्धात तर सेक्शनमधल्या, म्हणजे दहा-एक शिपायांच्या तुकडीतल्या, प्रत्येक रायफलवाल्याच्या पाऊचमध्ये स्वतःच्या गोळ्यांखेरीज ब्रेनची दोन मॅगझिने असत. सारा सेक्शन जणू त्या एका ब्रेनचा हमाल होता. चित्रपटवाल्यांना हे दोघांचे काम पडद्यावर आवडत नाही. त्यांना एकटा नायक हवा असतो. दोन नंबरच्या शिपायावर कुणी चित्रपट काढला तर तात्या तो तिकीट काढून पाहतील.

'हकीकत'कडे परत येतो. १९६२ चे नाव निघाले की आमच्याकडच्या पारावर आजही एक वाक्य हमखास येते : चिन्यांकडे आपोआप चालणाऱ्या बंदुका होत्या आणि आपल्याकडे बोल्ट ओढायच्या, म्हणून हरलो. यात तथ्य आहे. चिनी शिपायांच्या हातात सोव्हिएत आराखड्यांवर बनवलेल्या स्वयंभरणी रायफली होत्या, ज्यांत दर गोळीला हात मुठीवरून उचलावा लागत नाही. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी चुशुलजवळच्या रेझांग ला येथे मेजर शैतान सिंह यांच्या नेतृत्वाखाली १३ कुमाऊँ पलटणीची चार्ली कंपनी लढली ती याच थ्री नॉट थ्री, काही ब्रेन आणि दोन इंची मॉर्टर यांच्या बळावर. मध्ये डोंगर आड येत असल्याने तोफखान्याची मदत त्यांना मिळू शकत नव्हती. पुढच्या वर्षी बर्फातून त्या कंपनीच्या शिपायांचे देह सापडले तेव्हा पुष्कळांच्या हातात शस्त्रे तशीच होती. हा प्रसंग वाचल्यानंतर 'हकीकत' पुन्हा पाहिला की त्यातली माघार वेगळी दिसते. कॅप्टन बहादुर सिंह आणि अंगमो हे दोघे बाकीच्यांना निघून जाता यावे म्हणून मागे थांबतात, आणि मग त्यांच्याकडे किती गोळ्या उरल्या असतील हाच विचार मनात येत राहतो.

तरीही साऱ्या पराभवाचे खापर रायफलीच्या माथी फोडणे मला पटत नाही. तात्यांना तर ते मुळीच पटत नाही. रस्ता नसलेली ठाणी, सुती कपड्यांत वर पाठवलेली माणसे, उंचीच्या हवेची सवय होण्याआधीच लढाईत उतरवलेल्या पलटणी, ही कारणे त्या बिचाऱ्या लाकडी बटाच्या रायफलीपेक्षा मोठी होती. शिवाय कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट होते तेव्हा हाताने चालणारा बोल्ट निदान हाताला दाद देतो. युद्ध संपल्यावर इच्छापूरने घाईने दोन गोष्टी केल्या : एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल, हाती घेतली, आणि तोवरची गरज भागावी म्हणून जुन्याच ली-एनफिल्डला ७.६२ ची नळी व बारा गोळ्यांचे मॅगझिन लावून तिचा नवा अवतार काढला. तात्यांच्या हयातभराची सोबतीण ही एसएलआर. वीस गोळ्यांची, एकेक गोळी झाडणारी, लांब आणि जड. तिच्याबद्दल ते बोलू लागले की चुलतीच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते मी येथे लिहीत नाही.

चित्रपटात या शस्त्रांतून खऱ्या गोळ्या सुटत नाहीत हे सर्वांना ठाऊक असते, पण त्यामुळे काय बिघडते याकडे फार कुणी पाहत नाही. खोट्या काडतुसात दारू असते, पुढचे शिसे नसते. शिसेच नाही म्हटल्यावर खांद्याला धक्का जवळजवळ बसतच नाही, आणि नटाला तो मुद्दाम खांदा हलवून दाखवावा लागतो. तो बहुधा उशिरा हलवतो. दुसरी अडचण स्वयंचलित शस्त्रांची. ती आपल्याच गोळीच्या दाबावर चालतात, आणि पुढे काही अडवणारे नसले की दाब साठत नाही, म्हणून नळीच्या तोंडाशी आतून बारीक भोकाची अडसर बसवावी लागते. थ्री नॉट थ्रीला हे काहीच लागत नाही, कारण तिचा बोल्ट माणूस चालवतो. जुन्या कृष्णधवल युद्धपटांतली रायफलीची दृश्ये आजही खरी वाटतात त्याला दिग्दर्शकाच्या कौशल्याइतकेच हे यांत्रिक कारण आहे असे मला वाटते.

स्टेन या सबमशीनगनबद्दल थोडेच लिहितो, कारण ती फार बोलण्याजोगी वस्तू नव्हे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला स्वस्तात आणि झटपट काही तरी हवे होते, म्हणून नळ्या आणि पत्रे जोडून ती केली. मॅगझिन डाव्या बाजूला आडवे, आणि हातातून पडली तर आपली आपण सुटण्याबद्दल बदनाम. आपल्याकडची मराठी वर्तमानपत्रे मात्र कित्येक वर्षे आपोआप झाडणाऱ्या कोणत्याही बंदुकीला 'स्टेनगन'च म्हणत असत, जशी पुढे सगळ्यांचीच 'एके-४७' झाली. या स्टेनचा एक किस्सा कॅम्पात तात्यांनी ऐकला तो खरा आहे. डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला वेढा पडला होता, आणि वेढा घालणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, होती. ब्रिगेडियर हरदेव सिंह क्लेर यांनी आत अडकलेल्या ३१ बलूच या पाकिस्तानी पलटणीच्या लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांना शरण येण्याविषयी पत्र पाठवले. उत्तरादाखल पाकीटातून एक गोळी आली, आणि सोबतच्या पत्रात अशा अर्थाचा मजकूर होता की पुढच्या भेटीत आपल्या हाती लेखणीऐवजी स्टेन दिसावी. त्यानंतर रात्री बाहेर पडू पाहणाऱ्या बलूच तुकड्यांची वाट याच पलटणीने अडवली, आणि जमालपूर पडले. एखाद्या चित्रपटलेखकाने हे कल्पनेने लिहिले असते तर आपण त्याला नाटकी म्हटले असते.

आता ज्या शस्त्राबद्दल लिहायला मी बसलो त्यावर येतो. बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून आहे, आणि आमच्या भागातल्या ज्या घरांत फौजी आहे त्या घरांत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव ही दोन नावे सणावाराला नातलगांच्या नावांसारखी निघतात. दोघेही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे, दोघांनाही इटलीतल्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, आणि दोघांच्याही हातात टॉमीगन होती. टॉमीगन म्हणजे अमेरिकेची थॉम्सन सबमशीनगन. रिकामीच जवळजवळ पाच किलोची, पॉइंट फोर फाइव्हच्या जाड, आखूड पिस्तुली गोळ्या झाडणारी. तिचे चित्रपटांनी लाडके केलेले रूप म्हणजे खाली वाटोळा डबा असलेले, शिकागोच्या गुंडांचे. तो डबा खुळखुळायचा आणि भरायला वेळ घ्यायचा. लढाईत शिपायांनी वीस किंवा तीस गोळ्यांचे सरळ मॅगझिनच पसंत केले. वेग मिनिटाला सुमारे सातशे. हिशेब करा : वीस गोळ्या दोन सेकंदांच्या आत संपतात, तीस गोळ्या तीन सेकंदांच्या आत.

१० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांचा सेक्शन अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडला, आणि त्यांच्याखेरीज सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. ते एकटेच मशीनगनवर धावून गेले. आधी हातगोळा टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा यांना संपवले, मग टॉमीगनने आणखी एकाला मारले. पुढचे वाक्य त्यांच्या सन्मानपत्रात आहे आणि ते मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला तात्या आठवले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी टॉमीगन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिने ठोकून मारले. त्यानंतर दबून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी जवळून झाडलेल्या गोळ्यांनी ते पडले, त्यांनी एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्चात.

हे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला मॅगझिनचा उल्लेख करण्याची खरे तर गरज नव्हती. 'बटाने मारले' एवढे पुरले असते. पण त्याने कारण नोंदवले, आणि त्या एका कारणामुळे सारा प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो : दोन-तीन सेकंदांचे शस्त्र, ते संपल्याची जाणीव, कंबरेच्या पाऊचकडे न गेलेला हात, आणि झाडून तापलेली नळी उघड्या तळव्यांत धरलेली. मी पाहिलेल्या कोणत्याही युद्धपटात असे दृश्य नाही. गेल्या काही वर्षांत इटलीतल्या मोंतोने गावाने घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले, आणि रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे. पुढे कधी कोकणात उतरलो की तात्यांना घेऊन तिथे जायचे आहे.

नामदेव जाधव यांची गोष्ट ९ एप्रिल १९४५ ची, सेनिओ नदीकाठची. ते कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या. नदी ओलांडून वर येताना त्यांच्या तुकडीवर तीन ठिकाणांहून मारा झाला. कंपनी कमांडर आणि दोन शिपाई जखमी, जाधव यांच्याखेरीज बाकीचे ठार. त्यांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या बांधावरून सुरक्षित जागी पोचवले आणि तिसऱ्यांदा पुन्हा पलीकडे गेले. पहिले ठाणे टॉमीगनने गप्प केले. मग हाताला गोळी लागली, टॉमीगन धरता येईना, तेव्हा ती टाकून दिली आणि हातगोळ्यांवर काम चालवले. मधे गोळे संपले तर बांधाच्या माथ्यापर्यंत सरपटत जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी घेतले. इथेही लक्षात घ्या, मोजदाद सुटलेली नाही. शेवटी बांधावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि बाकीच्या कंपन्यांना हाताने पुढे बोलावले.

टॉमीगन पडद्यावर पाहायची तर 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' पाहावा. १९९८ चा हा चित्रपट आता जुन्यांतच जमा झाला आहे. त्यातल्या कॅप्टन मिलरच्या हातात तीच टॉमीगन आहे, युद्धकाळात घडण सोपी करून स्वस्त केलेली. सुरुवातीच्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर शिपायांच्या रायफली पारदर्शक पिशव्यांत गुंडाळलेल्या दिसतात, समुद्राचे पाणी आणि वाळू आत जाऊ नये म्हणून. ही गोष्ट खरी आहे, आणि पावसाळ्यात रेडिओपासून सातबाऱ्यापर्यंत सगळे प्लास्टिकच्या पिशवीत बांधणाऱ्या आमच्या मुलखाला ती चटकन पटते. चित्रपटात चुकाही आहेत. त्यातले जर्मन टायगर रणगाडे रशियन टी-३४ च्या सांगाड्यावर पत्रे चढवून केलेले आहेत आणि खालची चाके पाहिली की ते कळते. मला या चुकांचे फारसे दुःख होत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी तो चित्रपट तात्यांना दाखवला. त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि ऐकू कमी येते. गोळीबारात आयुष्य गेलेल्यांचे कान आधी बारीक, उंच आवाजांना जातात, आणि तात्यांना आता दाराची घंटा ऐकू येत नाही पण ढगांचा गडगडाट येतो. या चित्रपटातली रायफल म्हणजे अमेरिकेची गॅरंड. तिच्यात आठ गोळ्या एका पोलादी क्लिपसकट आत जातात, आणि आठवी सुटली की ती रिकामी क्लिप 'टिंग' असा आवाज करीत बाहेर उडते व बोल्ट उघडा राहतो. म्हणजे आपल्या थ्री नॉट थ्रीच्या बरोबर उलट : ही रायफल रिकामी झाल्याचे स्वतःच ओरडून सांगते. तो आवाज ऐकून शत्रू चाल करून यायचा असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते, पण एकामागून एक बंदुका वाजत असताना तो कुणाला ऐकू जात असेल यावर माझा विश्वास नाही.

तात्यांना तो 'टिंग' अर्थातच ऐकू आला नाही. ते पडद्याकडे डोळे बारीक करून पाहत होते आणि मांडीवर बोटे मोडत होते. दोन दृश्ये झाली आणि मी काही सांगण्याआधीच ते म्हणाले, "आठाची आहे ही." मी हो म्हटले. मग त्यांनी रिमोट माझ्या हातात देऊन ते भरण्याचे दृश्य पुन्हा लावायला सांगितले, दोनदा पाहिले, आणि उजव्या हाताचा अंगठा समोर धरून त्याच्याकडे पाहत विचारले, "क्लिप खाली दाबली की बोल्ट आपोआप पुढे येतोय न्हवं? मग अंगठा कुठे ठेवतो रे हा?"

मी आत जाऊन शोधले. गॅरंड भरताना पुढे येणाऱ्या बोल्टखाली अंगठा चेपून घेतलेले अमेरिकी शिपाई इतके होते की त्या दुखापतीला तिकडे गॅरंडचा अंगठा असेच नाव पडले होते. बाहेर येऊन तात्यांना हे मोठ्याने सांगितले तेव्हा ते बराच वेळ हसत राहिले, आणि मग चित्रपट पुढे चालू करायला सांगून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.